पगार नसलेल्यांचा संप

आमच्या ठाण्याच्या ऑनलाइन ग्रुपवर मॉडरेटर नेमकं काय करतात, हे बहुतेक मेंबरांना माहीत नसतं. माहीत असायची गरजही नाही. घोडबंदरला गाड्या का अडकल्यात, वंदनाजवळ पाणी भरलंय का, पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला काय कागद लागतात, हे सगळं त्यांना दिसतं. आम्ही काढून टाकलेलं दिसत नाही. फ्लॅट दाखवायच्या आधीच टोकन मागणारे बोगस मालक, घरबसल्या कमाईवाले, आणि तो जुना मेसेज: ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला लगेच फोन करा.’ महावितरणने हा मेसेज खोटा असल्याचं परत परत सांगितलंय, तरी नवा नंबर घेऊन तो येतोच.

आमच्यातल्या ऐरोलीच्या एका मुलीने यासाठी बॉट, म्हणजे अशा पोस्ट आपोआप पकडणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. दिवसा नोकरी, रात्री हा उद्योग. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा फिल्टर इंग्रजीपुरता हुशार. रोमन लिपीतली मराठी त्याच्या डोक्यावरून जायची. अस्सल मराठी शिवी बिनबोभाट सुटायची आणि कोणी ‘पुस्तकं फुकट देणे आहे’ असं रोमनमध्ये लिहिलं, की ‘फुकट’ला इंग्रजी शिवी समजून तो पोस्ट उडवायचा. बॉटला मात्र टोकनवाल्यांची सगळी स्पेलिंगं पाठ होती.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीची नोटीस आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, आम्ही अजून तिथेच आहोत. बाहेरच्या प्रोग्रॅमना एपीआय, म्हणजे प्लॅटफॉर्मशी जोडून घ्यायचा दरवाजा, वापरायचा तर पैसे भरा, नाहीतर आमच्या नव्या स्वयंचलित व्यवस्थेवर भागवा. आमच्या बॉटचा जो आकडा निघत होता, तो बघून नौपाड्यातले निवृत्त बँकवाले काका एवढंच म्हणाले, “म्हणजे काम पण आपण करायचं आणि भाडं पण आपण भरायचं.”

निषेध म्हणून ग्रुपच बंद करू या, हे पहिल्याच रात्री ठरल्यात जमा होतं. मीच अडवलं, आधी वाचू या म्हटलं. कारण हे रामायण आधी होऊन गेलेलं आहे. रेडिट ही विषयवार चर्चेच्या ग्रुपांची अमेरिकन साइट; तिने 2023 च्या एप्रिलमध्ये एपीआयला पैसे लावायचं जाहीर केलं. रेडिट वाचायचं ‘अपोलो’ नावाचं लोकप्रिय ॲप एकट्याच्या बळावर चालवणाऱ्या डेव्हलपरने हिशेब मांडला, तर वर्षाचा खर्च 2 कोटी डॉलरच्या घरात गेला. मग 12 जूनपासून दोन दिवसांसाठी 8 हजारांहून जास्त कम्युनिटीज, म्हणजे तिथले ग्रुप, मॉडरेटरांनी बंद ठेवल्या. सीईओ स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की आधीच्या गदारोळांसारखा हाही ओसरेल. ज्यांनी दोन दिवसांनंतरही कुलूप काढलं नाही, त्यांना तुमच्या जागी दुसरे नेमू असे निरोप गेले. 30 जूनला अपोलो बंद पडलं. पदरात पडलं ते मुख्यतः अंध वापरकर्त्यांसाठीच्या बिगरव्यावसायिक ॲपना सूट.

त्याच महिन्यात स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या मॉडरेटरांनीही संप केला होता, त्याची चर्चा मात्र कमी झाली. एआयने लिहिलेली उत्तरं काढून टाकू नयेत म्हणून कंपनीने त्यांचे हात बांधले, म्हणून 5 जूनला काम थांबवलं. साइट उघड्याच ठेवल्या, फक्त झाडलोट बंद केली. स्पॅम पकडणारी स्वयंसेवकांची यंत्रणाही थांबवली. मग प्रतिनिधी निवडून कंपनीशी वाटाघाटी केल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ठरलेल्या गोष्टी लिहून घेऊनच संप मिटवला. मला हा रस्ता जास्त पटला.

घरी बाबांना हे सांगितलं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, युनियनच्या कमिटीवरही होते. त्यांचा पहिला प्रश्न: “तुला पगार किती?” शून्य म्हटल्यावर ते बराच वेळ हसत होते. “मग मालकाचं नुकसान काय होणार? तो म्हणेल जा घरी!” मी एओएल या जुन्या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं उदाहरण दिलं. तिथल्या स्वयंसेवकांनी आमचं काम ही मजुरीच आहे म्हणून 1999 मध्ये दावा लावला आणि शेवटी कंपनीला दीड कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. तेव्हा कुठे ते ऐकायला लागले. म्हणाले, रेडिटवाल्यांनी दोन दिवसांत परत येऊ हे आधीच सांगितलं, तिथेच फसले. मालक दोन दिवस कसेही काढतो. पण बेमुदतलाही ते घाबरून होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. आमच्या नात्यातली दोन घरं त्यात बसली. “मागणी एक ठेव, लेखी दे, आणि किती मिळालं की उठायचं ते आधी आपसात ठरव.” आमच्या यादीत तेव्हा अकरा मागण्या होत्या. त्यात प्रोफाइलवर मॉडरेटरचा वेगळा बिल्ला हवा, हीसुद्धा एक होती.

खाली आणत आणत तीन उरल्या. बिगरव्यावसायिक मॉडरेशनच्या बॉटला एपीआय मोफत, असा बदल करण्याआधी साठ दिवसांची सूचना, आणि तक्रारीला उत्तर देणारा एक माणूस. पहिली मिळाली की उठायचं, हे आपसात ठरलं.

मग मेंबरांचं मत घेतलं, आणि खरा त्रास इथे झाला. कौल आमच्या बाजूने लागला, पण विरोधातल्या काही कमेंट झोप उडवणाऱ्या होत्या. कळव्याच्या एका ताईंनी लिहिलं, “मागच्या महिन्यात आईला रक्त लागलं तेव्हा याच ग्रुपवर दाते मिळाले. तुमचं कंपनीशी भांडण आहे, त्यात आम्हाला का ओढता?” यावर मुंब्र्याच्या आमच्या कॉलेजकुमार मॉडरेटरने तावातावाने लांबलचक उत्तर टाकलं, ते मी काढायला लावलं. ताईंचं बरोबरच होतं. पावसाळ्यात ठाण्याचा ग्रुप बंद ठेवायचा म्हणजे कंपनीच्या आधी शेजाऱ्याला चिमटा बसतो.

म्हणून ग्रुप चालू ठेवला आणि काम थांबवलं. रक्त, पाणी साचणं, हरवलेली माणसं यांच्यासाठी एक धागा वर पिन केला, त्यावर आम्ही पाळीपाळीने लक्ष ठेवत होतो. बाकी सगळीकडे बॉट बंद. वर ठळक सूचना: संप चालू आहे, कोणालाही टोकन, ओटीपी, पैसे देऊ नका.

संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही आणि मला वाटायला लागलं की आपण उगाच स्वतःला शहाणे समजत होतो. सकाळी ग्रुप उघडला तर पहिल्या पानावर लोन ॲप, लोन ॲप, टोकन, साडेनऊची वीज, मग कोणाची तरी हरवलेली मांजर, मग परत लोन ॲप. काकांनी प्रत्येकाचा स्क्रीनशॉट वेळ टाकून एक्सेलमध्ये लावला, शेजारच्या रकान्यात कंपनीच्या फिल्टरने तो किती तासांनी काढला ते. बऱ्याच ओळींपुढे ‘काढला नाही’. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने केलेला तक्ता तो, त्याला खोडून काढणं सोपं नव्हतं.

कंपनीकडून आधी छापील मेल आलं. भाषा गोड, मजकूर एवढाच, की ग्रुप मेंबरांचा आहे आणि तुम्ही काम करणार नसाल तर इच्छुकांना संधी देऊ. एक मॉडरेटर तिथेच गळाला, आणि त्याला मी दोष देत नाही. आम्ही ते मेल जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, कोण इच्छुक आहे? दोघांनी हात वर केला. त्यांना एक दिवस रिपोर्टची, म्हणजे मेंबरांनी तक्रार केलेल्या पोस्टची, रांग हाताने उपसायला दिली. त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही.

तक्ता पाठवल्यावर मात्र पहिल्यांदा खऱ्या माणसाचं उत्तर आलं. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे कॉल जेवणानंतर. समोरची बाई सौजन्याने बोलत होती, पण रोमन मराठी म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला. शेवटी ऐरोलीच्या मुलीने ‘फुकट’वाली पोस्ट स्क्रीनवर दाखवली. बाई हसल्या आणि त्यांनी ते कुठेतरी लिहून घेतलं.

आमच्या बॉटला मोफत सूट मिळाली. साठ दिवसांच्या सूचनेबद्दल ‘विचार करू’, आणि माणूस दिला नाही, फॉर्म दिला. ठरल्याप्रमाणे आम्ही उठलो. मुंब्र्याचा पोरगा अजून म्हणतो की आणखी ताणायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. पाऊस जोरात सुरू झाला होता आणि पिन केलेला धागा आम्हाला झेपेनासा झाला होता.

सूट दर काही महिन्यांनी नव्याने मागावी लागते, तो फॉर्म काका भरतात. दरम्यान रेडिटने 2024 च्या सप्टेंबरमध्ये सार्वजनिक कम्युनिटी खासगी करायला कंपनीची परवानगी लागेल असा नियम आणलाच, म्हणजे कुलूप लावायचा मार्ग तिथे जवळपास बंद झाला. आमची कंपनीही उद्या तेच करू शकते. म्हणून ग्रुपचे नियम, बॉटची शब्दयादी आणि ठाण्यातल्या रक्तपेढ्यांचे नंबर आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाहेरही ठेवतो. रविवारी ते अपडेट करायचं काम सध्या माझ्याकडे आहे.