टरफल म्हणे

परवापासून एकच वाक्य डोक्यात किरकिर करतंय. अण्णा प्रार्थनेला आले, पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला, छान प्रार्थना केली, चहा घेतला आणि चप्पल घालता घालता मला म्हणाले, "अरे शरीर काय, टरफल आहे ते. आत्मा महत्त्वाचा." चांगल्या मनानेच म्हणाले. मी पण हो हो केलं. पण त्याच्या आधी तासभर मी त्याच टरफलाला कुशीवर वळवून, पुसून, पाठीला पावडर लावून, डायपर बदलून दमलो होतो, त्यात मावशी आल्या नव्हत्या आणि दादाचा तो फोन... जाऊ दे.

म्हणजे मी दिवसभर करतोय काय, टरफल धुतोय?

रात्री झोप येईना तेव्हा वाटलं, हे बोलणं आपल्या ख्रिस्ती लोकांतलं नाहीच मुळी. जुनं वस्त्र टाकावं तसं आत्मा शरीर टाकतो हे गीतेतलं, तिथे ते शोभतं, आजूबाजूला कुणी गेलं की तेच ऐकत मोठे झालो त्यामुळे नकळत आपल्या प्रार्थनेतही येऊन बसलंय. पण आपण तर दर रविवारी उभं राहून शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे असं मोठ्याने म्हणतो ना? आणि शरीर एवढं फालतू असतं तर देवाने ते घेतलं कशाला? निरोपच द्यायचा होता तर संदेष्टे होते, देवदूत होते. तरी मरीयेच्या पोटी बेथलेहेमात जन्माला आला, आणि लूकने आवर्जून काय लिहून ठेवलं तर बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. नाताळच्या देखाव्यात आपण तारा लावतो, मेंढरं लावतो. ती बाळंती कोण धूत होतं याची कुणाला पडलेली नसते. मला हल्ली पडलेली असते.

तसा वाद जुनाच आहे. अगदी सुरुवातीपासून काही लोक म्हणायचे की देवाला कशी भूक लागेल, तो कसा दमेल, येशूचं शरीर नुसतं दिसायला होतं. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस मला पप्पांमुळेच माहीत, बायबल क्लासला रंगात आले की गाडी तिकडे जायचीच. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याला साखळदंडात रोमला नेत होते, जनावरांपुढे टाकायला, आणि वाटेतून तो मंडळ्यांना, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चना, पत्रं लिहीत होता. त्यात विचारतो, येशूने सोसलं ते नुसतं दिसण्यापुरतं असेल तर मग मी बेड्यांत कशाला आहे? हे आठवलं आणि वाटलं, हा आपला माणूस. मला बेड्या नाहीत, पण मी पण कशाला आहे इथे, असं रोज संध्याकाळी वाटतंच.

पुढे ३२५ ला निकेयात बिशपांच्या परिषदेत ठरलं की येशू खरा देव, ४५१ ला खाल्सेदोनच्या परिषदेत ठरलं की खरा देव आणि खरा माणूसही, आणि त्यासाठी बिशप लोक भांड भांड भांडले. लहानपणी वाटायचं, एवढं काय त्यात. आता वाटतं यातली एक बाजू सोडली तरी माझी पंचाईत. नुसता माणूस असेल तर अजून एक सोसणारा, तसे पुष्कळ आहेत. नुसता देव असेल तर पाठीवरच्या जखमेतलं त्याला काय कळणार. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्या काय टरफलं म्हणून आणल्या?

पण एक गोष्ट अडतेच. येशू तिशीत गेला. म्हातारपण त्याने पाहिलंच नाही. चौथ्या शतकातले नाझियान्झसचे ग्रेगरी, तेही बिशपच, म्हणतात की त्याने जे स्वतःवर घेतलं नाही ते बरंही झालं नाही. मग हात थरथरणं, घास तोंडातून गळणं, पोटच्या पोराला "कोण आपण?" विचारणं, हे त्याने कधी घेतलं? इथे आलो आणि रडू आलं, खरं तर पप्पांसाठी नाही, स्वतःसाठीच, की आपलं वय चाललंय आणि बाकी सगळे आपापल्या...

असो. मग काल त्यांचं तोंड पुसता पुसता सुचलं की क्रूसावर त्यालाही हात हलवता येत नव्हते. तोंडावरचा घाम स्वतः पुसता येत नव्हता. तहान लागली म्हणाला तर कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज तोंडाला लावला. हे मला ओळखीचं आहे, चमच्याने पाणी मीच पाजतो. विसरण्याचं कोडं सुटलं नाही, ते तसंच राहिलं. सध्या एवढ्यावर भागवतो.

आणि तो निकदेम! पहिल्यांदा रात्रीचा येशूला भेटायला आलेला प्रतिष्ठित माणूस, शेवटी गंधरस आणि अगरू घेऊन आला, किती, तर आजच्या हिशोबात तीसेक किलो. एका प्रेतासाठी! येशूचं प्रेत मागून घेणारा अरिमथाईकर योसेफ आणि हा, दोघांनी मिळून ते सगळं लावून कापडात गुंडाळलं, आणि एवढा खर्च कशाला असं कुणी त्यांना म्हटल्याचं लिहिलेलं नाही. इकडे मी मेडिकलमध्ये पावडरचा छोटा डबा घेऊ की मोठा यावर उभा, कारण मोठा घेतला आणि उरला तर... आज मोठा घेतला. त्यावर साबण फ्री होता. चंदनाचा. पप्पांना तो वास जन्मात आवडलेला नाही, आता मीच वापरतो.