सहाव्या चेंडूनंतर वेलची : क्रीडावाहिनीला वैतागल्यावर केलेली दुरुस्ती

षटकाचा सहावा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोचतो न पोचतो तोच पडद्यावर वेलची येते. पानमसाल्याच्या नावाची वेलची. चित्र परत येतं तेव्हा गोलंदाज धावत निघालेला असतो. मधल्या मिनिटभरात स्लिप काढून डीप पॉइंट लावला, की फाइन लेग आत घेतला, घरी बसलेल्याला पत्ता नाही. मग तिथंच झेल उडतो आणि समालोचक म्हणतो, ‘काय सुंदर क्षेत्ररचना!’ अरे, दाखवली कधी?

आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लावलेलं असतं. वीस षटकांच्या डावात अशा १९ फटी. क्रिकेट कळणाऱ्याला त्या फटीतच खरा सामना दिसायचा. आता त्या विकल्या जातात, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून चालू षटकातही चित्र आकसून कोपऱ्यात जातं, डावीकडं आणि खाली जाहिरातीची पट्टी. उरलेल्या जागेत पाच समालोचक एकमेकांच्या जुन्या आठवणी काढत बसतात. मराठी समालोचक बाळ ज. पंडितांनी रेडिओवर नुसत्या शब्दांनी मैदान उभं केलं. इथं डझनावारी कॅमेरे असून मैदान दिसत नाही.

कोल्हापुरात यावर उपाय म्हणजे कट्ट्यावर बसून शिव्या घालणं. मीही घातल्या. पण शिवी नक्की कुणाला घालायची हे आधी ठरवावं लागतं, कारण खराब चित्रातला बराच वाटा वाहिनीचा नसतो, केबलवाल्याचा असतो, आणि थोडा आपल्याच घरातला.

केबलच्या लाईनमनला फोन केला की उत्तर ठरलेलं : ‘साहेब, कंपनीकडनंच तसं येतंय.’ ते खरं की खोटं हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या वाहिनीच्या चिन्हावरून ओळखता येतं. चिन्ह वाहिनी आपल्या केंद्रात सगळ्यात शेवटी चित्रावर चढवते. चिन्ह आणि धावफलकाच्या कडा धारदार आहेत, पण मैदान, गवत, रिप्ले धूसर, तर माल मुळातच खराब आला. लाईनमन खरं बोलतोय. चिन्हाचेही चौकोनी तुकडे पडतायत, आवाज तुटतोय, चित्र गोठतंय, तर दोष वाटेतला. तिसरा प्रकार : सगळं बऱ्यापैकी धारदार, पण चेंडू सीमारेषेकडं जाताना त्याला शेपूट फुटतं आणि गवताचा चिखल होतो. हा बिटरेट मारल्याचा, म्हणजे चित्राला मिळणारा डेटा कमी केल्याचा परिणाम. वाहिनी ते करू शकते, केबलवालाही करतो, एकाच वायरीत जास्त वाहिन्या कोंबायला. खात्री करायची तर तोच सामना त्याच वेळी डीटीएच असलेल्या शेजाऱ्याकडं पाहा. तिथं गवत हिरवं आणि आपल्याकडं चिखल, तर केबलवाला सापडला.

वाटेतला दोष बहुतेक वेळा फालतू निघतो. आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलचे दोन आकडे बघावेत : ताकद आणि गुणवत्ता. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी किंवा वरखाली, तर जोड खराब. पेठांत केबल गच्च्यांवरून, गॅलरीतून लोंबत येते. पावसाळा संपला की जोडातला एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचं धातूचं बोंडूक) हिरवा पडलेला असतो. वायर दोन बोटं कापून नवा कनेक्टर क्रिंप करून घेतला की बरंचसं काम होतं. नुसता पिळून बसवलेला कनेक्टर पुढच्या जुलैत परत रडवतो. दुसरा चोर स्प्लिटर, एका वायरीच्या दोन-चार करणारा. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन ते चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. एक टीव्ही काढून टाकला तरी चार तोंडांचा स्प्लिटर तसाच राहतो, तो बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. वायर आरजी-६ असावी; बारीक पांढरी जुनी असेल तर ओढून टाका.

घरातला दोष म्हणजे टीव्हीची सेटिंगं. दुकानदारानं लावलेला ‘स्पोर्ट्स’ मोड सगळ्यात आधी काढायचा. त्यात रंग भडक होतात आणि कडा कृत्रिम उठतात. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते) ते बंद किंवा एकदम कमी. चेंडूभोवतीचं वलय बऱ्याचदा त्याचंच असतं. बॉक्समध्ये चित्र १०८० वर ठेवा. नवीन बॉक्स कधीकधी ५७६ वर येतो आणि एचडीचे पैसे भरून एसडी बघितलं जातं. समालोचन दबलंय आणि गर्दीचा कल्लोळ कानठळ्या बसवतोय, तर वाहिनीला शिव्या देण्याआधी बॉक्सचा ध्वनी ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करून पाहा. पाच स्पीकरांसाठी आलेल्या आवाजात बोलणं मधल्या स्पीकरचं असतं आणि स्वस्तातल्या साउंडबारला तो नसतो.

एवढं झाल्यावर जे उरतं ते मात्र नेटवर्कचं, म्हणजे वाहिन्यांच्या मालक कंपनीचं पाप. त्याला आपण दोनच गोष्टी करू शकतो : पैसे कमी देणं आणि लेखी तक्रार.

पैशांचं गणित आधी. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार कुठलीही वाहिनी सुटी घेता येते. केबलवाला ‘पॅकच घ्यावं लागतंय’ म्हणतो, ते चूक. गुच्छात (म्हणजे पॅकमध्ये) घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको, असा नियम आहे. १९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की २२ रुपये ४२ पैसे. क्रीडागुच्छात सहा-सात वाहिन्या असतात आणि त्यातल्या दोनच आपण लावतो. त्या दोन सुट्या घेतल्या तर ४४ रुपये ८४ पैसे. केबलवाल्याचं नेटवर्क शुल्क वेगळं असतं आणि ते चुकत नाही. त्यात मोजणीची एक गंमत आहे : २०१९ च्या नियमांत एक एचडी वाहिनी दोन एसडी धरली गेली. म्हणून एचडी घेतली की तिचं एसडी भावंड आठवणीनं काढायला सांगायचं. एका गुच्छात दोन्ही घालायला बंदी आहे, पण केबलवाल्याच्या गुच्छातून एक आणि नेटवर्कच्या गुच्छातून दुसरी अशी दोन्ही बिलात बसतात. बऱ्याच बॉक्सवर ९९९ क्रमांकाला आपण काय काय घेतलंय ते दिसतं. मालिका संपली की वाहिनी बंद करून टाकायची. तोंडी सांगू नये. ‘होय भावा, मारतो आज’ म्हणतात आणि तीन महिने बिल येतं. ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या, मग लाईनमनलाही तोच क्रमांक पाठवा.

आता डीडी स्पोर्ट्स, दूरदर्शनची क्रीडावाहिनी. केबलवर ती फुकट दिसते, पण भारताचा सामना सुरू झाला की तिथं दुसरंच काहीतरी चालू होतं. लोकांना वाटतं केबलवाल्यानं दाबलं. त्याचा काही दोष नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला) द्यावं लागतं, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ते चित्र दूरदर्शननं फक्त आपल्या जमिनीवरच्या आणि फ्री डिशच्या (दूरदर्शनच्या फुकट डीटीएचच्या) जाळ्यावर दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणजे हवं असेल तर फ्री डिशची छत्रीच लावावी लागते. त्यावर भारतीय पुरुष संघाचे सगळे अधिकृत एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, तसंच फुटबॉल विश्वचषकाचा सलामीचा सामना, उपांत्यपूर्व फेरी, उपांत्य आणि अंतिम सामने येतात. आयपीएल त्या यादीत नाही. कसोट्यांचा भरवसा नाही. जाहिराती तिथंही असतात, दूरदर्शनच्या स्वतःच्या.

सामान : साठ-पासष्ट सेंटिमीटरची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा; त्यावर ९७५०/१०६०० लिहिलेलं असतं), आरजी-६ वायर, दोन एफ कनेक्टर आणि फ्री टू एअर बॉक्स. बॉक्स एमपेग-४ चाच घ्या. जुना एमपेग-२ काही वाहिन्या पकडत नाही. गच्चीवर बंद पडलेली जुनी डीटीएचची छत्री असेल तर ती चालते. तिचा एलएनबी चालेलच असं नाही. नवा घ्या, डोकेदुखी वाचते.

उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. कोल्हापुरातून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणं साधारण १२९ अंश, म्हणजे आग्नेय; उंची ६० अंश. शिवाजी पेठ-मंगळवार पेठेच्या गच्चीवरून शिवाजी विद्यापीठाच्या किंचित उजव्या अंगाला तोंड करा. फोनमधला होकायंत्र लोखंडी टाकीजवळ खोटं बोलतो, तेव्हा दहा पावलं लांब जाऊन दिशा घ्यायची आणि खडूनं गच्चीवर रेघ मारायची. छत्री ६० अंशांना आकाशाकडं बघताना दिसणार नाही, बरीच उभी वाटेल. तिचा एलएनबी मध्यात नसून खाली असतो, त्यामुळं असं दिसतं. इथंच बहुतेक जण फसतात आणि छत्री उताणी करून ठेवतात.

बॉक्समध्ये ११४७० फ्रिक्वेन्सी, व्ही ध्रुवीकरण, २९५०० सिम्बॉल रेट घाला आणि गुणवत्तेची पट्टी बघत राहा. एक जण खाली टीव्हीसमोर, एक वर. पट्टी शून्यावर असेल तर छत्री आडवी अगदी सावकाश सरकवा, एका वेळी बोटाच्या पेराएवढी, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा; बॉक्सला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणारा तीनदा उपग्रहावरून जातो आणि ‘सिग्नलच नाही’ म्हणतो. पट्टी उठली की वरखाली, मग शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवा. बऱ्याचदा शेवटचे दहा-पंधरा टक्के तिथंच मिळतात. बोल्ट आवळताना छत्री हलते, म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा बघायची. उन्हाळ्यात ‘दिसतंय की’ म्हणून कशीबशी लावलेली छत्री जुलैत पहिल्याच धारेला मान टाकते. केयू बँडला (या छत्रीवर येणाऱ्या लहरींना) पाऊस सोसत नाही, आणि आपला पाऊस कसा असतो ते सांगायला नको. गुणवत्ता जितकी जास्त मिळवून ठेवाल तितका वेळ मुसळधारेतही चित्र टिकतं.

आता तक्रार. ‘दर्जा घसरला’ असं लिहिलं तर उत्तरात ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ येतं. समालोचन कंटाळवाणं आहे याविरुद्ध कायदा नाही. पण पट्टीच्या जाहिरातींविरुद्ध आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४, नियम ७ चा उपनियम १० सांगतो, की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी असावी आणि कार्यक्रमात अडथळा आणू नये. पडद्याच्या खालच्या भागातल्या स्थिर वा सरकत्या मजकुराचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. उपनियम ६ कर्कश जाहिरातींविरुद्ध, उपनियम ११ तासाला १२ मिनिटांच्या मर्यादेचा; त्यातली १० जाहिरातींची, २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. शेवटच्यावर वाहिन्या न्यायालयात भांडल्या आहेत, म्हणून मी जोर उपनियम १० वर दिला.

पत्रात एवढंच : वाहिनीचं नाव, एसडी की एचडी, तारीख, सामना, षटक आणि चेंडू, घड्याळातली वेळ, पट्टी किती सेकंद होती, आणि टीव्हीचा फोनवर काढलेला फोटो. एका सामन्यातले तीनच प्रसंग घ्या. तीस प्रसंगांची यादी कुणी वाचत नाही. फोटोत धावफलक यावा. वेळेचा तोच पुरावा. जून २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो. पत्र तिथंच पाठवायचं, ग्राहक सेवेला नाही. पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. तो पटला नाही किंवा आलाच नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनीच्या स्वनियमन मंडळाकडं अपील; त्यांना ६० दिवस. त्यावर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. माझ्या पत्राला पोच आली आणि उत्तरही आलं, ‘सर्व नियमांचे पालन केले जाते’ असं एका ओळीत. अपील करताना तीच ओळ आणि तोच फोटो शेजारीशेजारी लावला. पट्ट्या अजून चालूच आहेत. अपिलाची मुदत मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. १५ दिवस उलटले की पुन्हा पहिल्यापासून.

बिलाची तक्रार याच्यात मिसळू नका. ती आधी केबल किंवा डीटीएच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडं, तिथं नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर.

ॲपचा पर्याय आहेच. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकली तर निम्मं अडखळणं थांबतं, निदान वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. पण ॲप टीव्हीच्या मागं असतं, कधी अर्धा मिनिट. फुटबॉलच्या रात्री मिरजकर तिकटीच्या चौकात गोलचा फटाका वाजतो आणि आपल्या पडद्यावर स्ट्रायकर अजून चेंडू घेऊन मध्यरेषेवर. अर्जेंटिना-ब्राझीलच्या रात्री पेठेत राहणाऱ्यानं ॲपच्या नादी लागू नये, किंवा खिडक्या लावून बसावं.

कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने यूट्यूबवर थेट लागतात. गोलच्या वेळी झूम नेमका चुकतो आणि वाऱ्याचा आवाज माइकमध्ये घुसतो. पण चेंडू बाहेर गेला की कॅमेरा मैदानावरच असतो.