१८८० साली जळगाव जिल्हा होता कुठे?

मी धुळ्यात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पीएचडीची मुलं सबमिशनच्या आधी संदर्भसूची दाखवायला येतात, बहुतेकांचं काम आडनाव आधी की नाव, साल कंसात टाकायचं की शेवटी, एवढ्यातच आटपतं. पण गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा आला होता, त्याची केस डोक्यातून जातच नाही म्हणून लिहितेय.

पोरगा धरणगावकडचा, विषय खान्देशातली भिल्ल पलटण, म्हणजे इंग्रजांनी उभी केलेली भिल्लांची फौज. आला तोच रडवेला होऊन, हातात सिमिलॅरिटी रिपोर्ट (प्रबंधातला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअर सांगतं, तो), २७ टक्के. त्याला वाटलं पीएचडी गेली. आधी त्याला पाणी दिलं आणि यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम समजावला, की १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, रजिस्ट्रेशन रद्द होतं ते ६० च्या वर. मग रिपोर्ट उघडला तर निम्मं लाल झालेलं म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं होती, पोराने खाली टीप दिलेली होती पण अवतरणचिन्हंच नव्हती. टीप असली म्हणून दुसऱ्याचं वाक्य आपलं होत नाही, जसंच्या तसं घेतलं तर अवतरणात टाकायचं, नाहीतर पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायचं आणि तरीही टीप द्यायचीच. हे बऱ्याच मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

ते करता करता तिसऱ्या प्रकरणात 'तत्रैव'चा गोंधळ निघाला. गाइडच्या सांगण्यावरून त्याने परिच्छेद वरखाली केले होते, आणि 'तत्रैव' म्हणजे लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक, त्यामुळे परिच्छेद हलला की ते बिचारं भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पक्का मसुदा होईपर्यंत प्रत्येक टीपेत लेखक आणि पुस्तकाचं थोडक्यात नाव लिहा, तत्रैव शेवटी करा.

आणि हे दुरुस्त करतानाच ती टीप दिसली. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला पलटण उभी केली, हे वाक्य बरोबरच आहे, खाली संदर्भ काय तर 'जळगाव जिल्हा गॅझेटिअर, १८८०' आणि पान नंबर. (गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ.) मी थांबलेच. म्हटलं अरे १८८० साली जळगाव जिल्हा होता कुठे? तेव्हा अख्खा खान्देश एकच जिल्हा, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तो बारावा खंड आहे आणि त्याच्यावर नाव 'खानदेश' असंच छापलंय. जळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर महाराष्ट्र सरकारने काढलं ते १९६२ चं, ते वेगळं पुस्तक. कुणीतरी एकाचं नाव आणि दुसऱ्याचं साल जोडून टाकलं होतं. जुन्या खंडाचं स्कॅन उघडून ते पान काढलं तर तिथे भलताच विषय.

विचारलं, तू हे पुस्तक बघितलंस का. गप्पच. मग म्हणाला, मॅडम एका जुन्या प्रबंधात होतं, तिथून टीप घेतली. आता प्रबंधातून घेतलं तर घेतलं, त्यात गुन्हा नाही, पण मग तो प्रबंध सांग ना, 'अमक्याच्या प्रबंधात उद्धृत' असं लिही आणि सूचीत पण तोच प्रबंध टाक. न उघडलेल्या पुस्तकाचं पान नंबर देणं म्हणजे न गेलेल्या घराचा पत्ता सांगणं. आणि हे सगळं धुळ्यात चाललंय, जिथे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ साली वारले, ज्या माणसाने अस्सल कागदांसाठी गावोगाव वाडे पालथे घातले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौथ्या प्रकरणात पलटणीतल्या शिपायांच्या वस्तीबद्दल दोन पानं होती, बायका काय करायच्या, पगार कधी यायचा, सुट्टीवर आलेला माणूस घरी काय आणायचा, अख्ख्या प्रबंधातली सगळ्यात जिवंत पानं, आणि खाली एकही टीप नाही. मी म्हटलं हे कुठून आणलंस? तर म्हणतो, 'ते ते घरनंच शे ना मॅडम, आजीने सांगितलं.' म्हणजे जे पुस्तक बघितलंच नाही त्याची टीप आहे आणि जिच्यासमोर बसून ऐकलं तिचं नाव कुठेच नाही!

मग त्याला बसवून सांगितलं की मुलाखत हा पण संदर्भ असतो. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख लिहायची, तिची परवानगी घ्यायची, जमलं तर रेकॉर्डिंग ठेवायचं. एपीए नावाच्या संदर्भ देण्याच्या पद्धतीत अशी बोलणी फक्त मजकुरात येतात, सूचीत नाही, कारण वाचणाऱ्याला ती शोधून काढता येत नाहीत. पण इतिहासाच्या प्रबंधात शेवटी 'मुलाखती' असा वेगळा भाग करता येतो आणि आम्ही तोच केला. आणि तिने स्वतः बघितलेलं काय आणि सासऱ्याकडून ऐकलेलं काय हे वेगवेगळं लिहायला लावलं. गाइडना आधी पटेना, म्हणे घरच्या माणसाचं नाव बरं दिसत नाही. मी फोन करून बोलले, म्हटलं सर, नातं पण लिहू द्या, वाचणारा ठरवेल किती धरायचं ते. ऐकलं त्यांनी.

परवानगी घ्यायला तो त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने घरी गेला. आठवड्याने आला तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये पगाराबद्दल आजी वेगळंच सांगत होती, म्हणजे त्याच्या आठवणीत उलटं बसलं होतं, ते पान बदलावं लागलं.

दुसरा रिपोर्ट ८ टक्के आला. पण गॅझेटिअरची चूक आणि आजीचं राहिलेलं नाव, यातलं काहीच सॉफ्टवेअरला पहिल्यांदाही दिसलं नव्हतं, ते फक्त जुळणारे शब्द शोधतं. तो जुना प्रबंध अजून ऑनलाईन आहे, टीप तशीच. परवा एका मुलीच्या संदर्भसूचीत पुन्हा 'जळगाव जिल्हा गॅझेटिअर, १८८०' दिसलं, पान नंबर पण तोच.