नाक्सोसच्या किनाऱ्यावर खोली घ्यायची तर आधी वारा पाहा

गोव्यात शॅक उतरले की पर्यटनाच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना जून ते सप्टेंबर थोडी उसंत मिळते. ग्रीसच्या बेटांवरचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत भरात असतो. त्यामुळे मांद्रे-मोरजीपासून काणकोणपर्यंतचे लोक आता तिकडच्या एखाद्या शांत किनाऱ्यावर आठवडाभर राहण्याचा बेत करतात. आपण समुद्र ओळखतो तो भरती-ओहोटीवरून. एजियन समुद्रात पाण्याची चढउतार जेमतेम वीतभर. तिथे गाव, खोली, पोहण्याची वेळ, परतीची बोट, सगळं वाऱ्यावर ठरतं.

या वाऱ्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा जूनमध्ये डोकं वर काढतो आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सर्वांत जोरात असतो. आपल्या मान्सूनशी त्याचं नातं आहे: दक्षिण आशियावरचा उन्हाळी कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला थेट तुर्कस्तानपर्यंत पसरतो, बाल्कन प्रदेशावर मात्र दाब जास्त असतो आणि त्या फरकामुळे एजियनवरून हवा दक्षिणेकडे धावते. आपल्याकडे धो-धो पाऊस असताना तिथे निरभ्र आकाशाखाली वारं सुटतं. ढग नाही, गडगडाट नाही, म्हणून नवख्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. दुपारनंतर तो वाढतो, एकदा धरला की काही दिवस सोडत नाही. वाऱ्याचा जोर तिथे बोफर्ट या 0 ते 12 च्या मापात सांगतात; 5-6 बोफर्ट ही नेहमीची गोष्ट, कधी 7-8.

नाक्सोस हे सायक्लेड्स द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट, आणि वाऱ्याची बाजू म्हणजे काय ते तिथे छान समजतं. उत्तर टोकाला अपोलोनास हे लहानसं गाव आहे. वरच्या जुन्या खाणीत अर्धवट घडवलेला, 10 मीटरहून लांब संगमरवरी पुतळा आडवा पडलेला आहे, तो जरूर पाहावा. पण गाव उत्तरेला उघडं, त्यामुळे मेल्तेमीत लाटा सरळ आत येतात. पोहायला म्हणून आठवडाभर राहायचं तर नैर्ऋत्येचा किनारा बरा: प्लाका, मिक्री व्हिग्ला, कास्त्राकी. वाळू लांबच लांब आणि मुख्य बंदराच्या गावापासून जितकं दक्षिणेला जावं तितकी गर्दी कमी. मिक्री व्हिग्लाला एक भूशिर आहे. त्याच्या उत्तरेला शेजारचं पारोस बेट आणि नाक्सोस यांच्यामधल्या खाडीतून घुसणारा वारा, म्हणून तिथे काइटसर्फिंगवाले. दक्षिणेला तेच पाणी बरंच निवांत. एकाच गावात खोली कुठल्या अंगाला आहे यावर अख्खी सुट्टी बदलते.

खोली ठरवताना मालकाला सरळ विचारावं: गॅलरी कुठल्या दिशेला आहे, वारा असताना तिथे बसता येतं का? फोटोतल्या समुद्रदर्शनापेक्षा हे उत्तर मोलाचं. दर रात्रीमागे घेतला जाणारा सरकारी कर बुकिंगच्या रकमेत आहे की तिथे वेगळा द्यायचा, तेही विचारून घ्यावं. सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, त्यामुळे कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा. जेट स्प्रे बहुधा नसतो. सामानात एक लहान मग ठेवावा.

तारखा निवडताना 15 ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळावेत. तो मेरीमातेचा सण, अख्खा ग्रीस तेव्हा बेटांवर उतरतो. चवथ घरी करून सप्टेंबरात निघावं हा आमच्या मते उत्तम बेत: वारा उतरणीला लागलेला, पाणी 24 अंशांच्या आसपास. जूनमध्ये ते आणखी दोनेक अंश थंड, आणि आपल्या कोमट समुद्राची सवय असलेल्याला तो फरक चांगलाच जाणवतो.

पाण्यातला धोका इथल्यापेक्षा वेगळा आहे. नैर्ऋत्येच्या किनाऱ्यावर वारा किनाऱ्याला समांतर, नाहीतर जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. काठाजवळचं पाणी त्यामुळे सपाट दिसतं, पण हवेची गादी किंवा फुगवलेली ट्यूब घेतलेलं मूल बघता बघता दूर जातं. वारा असताना अशा वस्तू पाण्यात न्यायच्याच नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या संस्थेच्या जीवरक्षकांची आपल्याला सवय असते. तिथल्या लहान किनाऱ्यांवर कुणी असेलच असं नाही. आणीबाणीला 112, तटरक्षक दलासाठी 108. खडकाळ जागी समुद्री साळिंदराचे काटे पायात मोडतात, रबरी बूट घालावेत. वाऱ्यामुळे उन्हाचा चटका कळत नाही आणि संध्याकाळी पाठ सोललेली असते, म्हणून सुती सदरा अंगावर ठेवावा.

मासळी खानावळीत अनेकदा किलोच्या भावाने असते. शिजवण्याआधी समोर वजन करून किंमत विचारावी. त्यात कुणाला राग येत नाही. श्रावण पाळणाऱ्यांनीही काळजी करू नये. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा 'लादेरा' हा प्रकार जवळजवळ सगळीकडे मिळतो, शिवाय पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, मोठ्या पांढऱ्या वालांसारख्या दाण्यांचे यिगांदेस. भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत कधी खिमा असतो, तेवढं विचारावं. कांदा-लसूण मात्र जवळपास सगळ्यात.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून नाक्सोसला मोठं जहाज साधारण साडेपाच तास घेतं, वेगवान बोट चारेक. वेळ वाचतो म्हणून वेगवान बोटीचा मोह होतो, पण वारा चढला की आधी त्याच थांबतात आणि चालल्या तरी आत बसलेल्यांचे हाल होतात. मोठ्या जहाजाच्या डेकवर उभं राहता येतं, भाडंही कमी. साधारण 8 बोफर्टला मोठी जहाजंही बंदरात अडकवली जातात. म्हणून बेटावरून उतरल्या दिवशीच परतीचं विमान ठेवू नये. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढावी. मेट्रोची 3 क्रमांकाची मार्गिका पिरेयसहून थेट विमानतळावर जाते.