तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या नराला मादी कुठं भेटली?

दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा सुरू झाला की दरवर्षी वर्गात एक तरी हात वर होतो. “बाई, पहिला नर तयार झाला तेव्हा मादी कुठं होती? दोघं एकाच वेळी, एकाच जागी, एकमेकांना जुळतील असेच कसे काय झाले?” पालकसभेत हाच प्रश्न येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या आजींनीही विचारला. पण तो सगळ्यात नेटानं लावून धरला आमच्या दाजींनी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापूरजवळ त्यांची उसाची शेती आहे, आणि हिशेबाला माणूस पक्का. एका दिवाळीत त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मांडायला लागले. नर आपोआप तयार होण्याची शक्यता दहा लाखांत एक धरू. मादीचीही तेवढीच. दोन्ही एकदम व्हायचं तर गुणाकार. त्यात दोघं एकाच हंगामात, एकाच डबक्यात हवीत, म्हणजे आणखी गुणाकार. शून्यं पानाच्या कडेला टेकली तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाले, “आता सांग.”

तेव्हा मी जे सांगितलं आणि नंतर सांगत राहिले, तेच तुम्हालाही सांगते.

दाजींचा गुणाकार बरोबर होता, मांडणी चुकली होती. शक्यतांचा असा सरळ गुणाकार करायचा तर दोन्ही घटना एकमेकींपासून सुट्या हव्यात. नर आणि मादी हे असे दोन सुटे शोध नाहीतच. ती एकाच आईबापांची लेकरं असतात. बापाची जनुकं मुलीत उतरतात, आईची मुलात. एखाद्या जातीत बदल होतो तो या एकाच वाहत्या साठ्यात होतो, त्यामुळे एक बाजू पुढं गेली आणि दुसरी मागं राहिली, असं होत नाही. मादीची वाट बघत थांबलेला पहिला नर कधी नव्हताच.

दाजींना हे पटेना, म्हणून मी उलटा प्रश्न केला. “पहिला मराठी बोलणारा माणूस कोणाशी बोलला?” महाराष्ट्री प्राकृत, मग अपभ्रंश, मग मराठी, असा आपल्या भाषेचा प्रवास सांगतात. या सगळ्या काळात आईचं बोलणं लेकराला कळलं नाही, असा एक तरी दिवस उगवला असेल का? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आपल्याला आजही कळतं. भाषा बदलली ती बोलणारे आणि ऐकणारे मिळून, एकत्र. दाजी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “बरं, पण सुरुवात?”

सुरुवातीचं उत्तर मला पुस्तकात नव्हे, एका काचपट्टीवर भेटलं. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात आम्हाला क्लॅमिडोमोनासचे दोन वाण दिले होते. हे एकपेशीय हिरवं शैवाल; गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहतं. एरवी एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असा त्याचा संसार चालतो. पण नायट्रोजन संपवून उपाशी ठेवलं की त्याचा नूर पालटतो. दोन्ही वाणांचा एकेक थेंब एकत्र केला आणि काही मिनिटांत सुट्या पोहणाऱ्या पेशींचे घोळके झाले. कशाभिकांनी, म्हणजे पोहायच्या चाबकासारख्या शेपट्यांनी, त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मग जोड्या सुटल्या, आणि एक जोडी मी डोळा न हलवता बघत राहिले. दोन पेशी टोकाशी जुळल्या, मधली सीमा पुसली गेली आणि चार कशाभिका असलेली एकच पेशी पोहू लागली. त्या दोघींत मोठी कोण, लहान कोण, हे मला सांगता आलं नसतं. दोघी सारख्याच. शास्त्रज्ञ त्यांना फक्त ‘अधिक’ आणि ‘उणे’ म्हणतात.

आधी मीलन आलं, नर-मादी मागून आले. हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

पुढची पायरी त्याच शैवालाच्या नातलगांत बघायला मिळते. व्हॉल्वॉक्स हा तळ्यातला हिरवा गोळा, नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसणारा. त्याच्यात मोठं, साठा भरलेलं अंडं असतं आणि बारके, चपळ शुक्राणूही. क्लॅमिडोमोनास आणि व्हॉल्वॉक्स यांच्या मधल्या आकाराचे नातलग आहेत, त्यांच्यात युग्मकांमधला, म्हणजे जुळणाऱ्या पेशींमधला, फरकही मधलाच आहे. क्लॅमिडोमोनासमध्ये ‘उणे’पण ठरवणारं मिड नावाचं जनुक आहे, व्हॉल्वॉक्समध्ये तेच जनुक नराकडे असतं. एकाच आकाराच्या दोन पेशींपैकी एक साठा करण्याकडे झुकली आणि दुसरी धावण्याकडे. नर आणि मादी या शब्दांचा मुळातला अर्थ एवढाच आहे, दाढीमिशा आणि मोराचा पिसारा फार नंतरचे. कॅनडाच्या उत्तर टोकाकडे सॉमरसेट बेटावर बँगिओमॉर्फा नावाच्या लाल शैवालाचे जीवाश्म सापडले. ते सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांत लैंगिक प्रजननाच्या खुणा दिसतात. तेव्हा प्राणी नव्हते, झाडं नव्हती.

आणि यासाठी लागणारी हत्यारंही नव्यानं घडवावी लागली नाहीत. जिवाणूंमध्ये तुटलेला डीएनए सांधायला रेकए नावाचं प्रथिन असतं. शुक्राणू-अंडी घडतानाच्या अर्धगुणसूत्री विभाजनात आईबापांच्या गुणसूत्रांची अदलाबदल करणारी आपली प्रथिनं त्याच घराण्यातली. क्लॅमिडोमोनासच्या दोन पेशींची आवरणं जोडणारं हॅप२ हे प्रथिन रचनेनं डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशीत शिरताना जे प्रथिन वापरतो त्याच्या जातकुळीतलं निघालं. दुरुस्तीचं सामान दुसऱ्या कामाला लागलं, असं उत्क्रांतीत जागोजागी दिसतं.

दाजींनी मग ठेवणीतला मुद्दा काढला. “नारळीकरांचे गुरूच म्हणाले होते ना, भंगाराच्या ढिगावरून वादळ गेलं म्हणून विमान तयार होईल का?” हो, फ्रेड हॉईल यांचीच ही बोइंग ७४७ ची उपमा. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात हे उलगडणाऱ्यांत त्यांचं नाव आहे, म्हणून ती मी हलक्यात घेत नाही. पण त्यांचा रोख जीवाच्या पहिल्या सुरुवातीवर होता, आणि त्या वादळात सगळं एका फटक्यात व्हायला हवं. उत्क्रांतीत जमलेलं राखलं जातं. वर्गात यासाठी मी लुडोचे २० फासे नेते. सगळ्यांवर एकदम सहा पडण्याची शक्यता ३६ कोटी गुणिले एक कोटी यांत एक. सेकंदाला एकदा टाकत राहिलं तर सरासरी साडेअकरा कोटी वर्षं लागतील. आता पडलेले सहा बाजूला ठेवायचे आणि उरलेलेच परत टाकायचे. मुलांचे २० सहा साधारण वीस डावांत होतात, तास संपायच्या आत. ही तुलना पूर्ण नाही, तेही मी मुलांना सांगते. सहा हे लक्ष्य आपण ठरवलेलं असतं. निसर्गापुढं असं लक्ष्य नसतं, तिथं त्या घडीला जे टिकलं ते पुढं जातं.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो दाजींच्या शेतात उभा आहे. २००२ मध्ये आपल्या भागात उसावर लोकरी मावा ही कीड आली. पानांच्या मागं कापसासारखा पांढरा थर आणि खालच्या पानांवर काळी काजळी. दाजी तेव्हा रात्र रात्र झोपले नव्हते. उसावर तो मावा नराशिवाय वाढतो. मादी थेट जिवंत पिल्लं देते, आणि त्या पुन्हा माद्याच. हिशेब करा. प्रत्येक मादीला दोनच पिल्लं झाली आणि दोन्ही माद्या निघाल्या, तर दहा पिढ्यांत एकीच्या १,०२४ होतात. दोनपैकी एक नर निघाला तर दहा पिढ्यांनंतरही मादी एकच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात हा दुप्पट तोटा नेमका मांडला. मग नर टिकलेच का?

याचं उत्तर दाजींना माझ्याआधी ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते या प्रश्नाला कधी जोडलं नव्हतं. त्यांच्या रानात को ८६०३२ हे उसाचं वाण आहे. लागण करताना ते कांडी पुरतात, डोळा फुटतो आणि उगवतो तो तोच ऊस. गावातला सगळा ८६०३२ म्हणजे एकच झाड, तुकड्यातुकड्यांनी वाढलेलं. पण ते वाण मुळात तयार झालं ते संकरातून, को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या तुऱ्यांमधून. ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथलं ऊस पैदास केंद्र १९१२ पासून हेच काम करतंय. का करावं लागतं? उत्तर प्रदेशात को ०२३८ नं काही वर्षांत राज्याचं बहुतांश क्षेत्र व्यापलं होतं. मग लाल कूज आली. रोगाला एका उसात शिरायची वाट सापडली की ती सगळ्याच उसात सापडते. संकराच्या बियांतून आलेल्या प्रत्येक रोपाचं कुलूप मात्र वेगळं. नराचा खर्च निघतो तो इथं. हे एकच कारण पुरेसं आहे का, यावर जीवशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, पण मला हेच सगळ्यात वजनदार वाटतं.

“असं असेल तर नर नसलेली जात फार काळ टिकायला नको,” दाजी म्हणाले. इतका नेमका आक्षेप मला वर्गात आजवर कोणी घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून आम्ही शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. डेलॉइड रोटिफर दिसले: जळवेसारखे आखडत-ताणत सरकणारे, तोंडाशी चाकं फिरल्याचा भास होणारे जीव. कोट्यवधी वर्षांची ही वंशावळ, आणि त्यांच्यात नर आजवर कोणालाही सापडलेला नाही. दाजी एक डोळा मिटून बराच वेळ बघत होते. “मग यांना रोग सोडतो कसा?” मी सांगितलं की हे जीव कोरडे ठाक पडतात आणि वाऱ्याबरोबर उडून जातात. त्यांना मारणारी बुरशी तसा कोरडेपणा फार काळ सोसत नाही. पाणी मिळालं की हे पुन्हा हालचाल करू लागतात.

दाजींनी उरलेलं शेवाळ वर्तमानपत्रावर पसरून माळवदावर वाळत घातलंय. रविवारी त्यात पाणी घालून बघायचंय.