ढवळ्या पांढरा नाही

चार शब्द. दीड वर्ष मी संध्याकाळचे दोन तास फक्त चार शब्द बोलत होते, आणि तेही बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

पहिला ‘दो’. ओठांचा चंबू करून ‘दे’ म्हटलं की जे काही बाहेर येतं, तो त्याचा खरा उच्चार. अर्थ, मान्य. दुसरा ‘चीछिर’, म्हणजे कशावरून? तिसरा ‘तक मा डुप’, म्हणजे तू दिलेलं कारणच मुळात सिद्ध नाही. आणि चौथा ‘ख्यापा मा जुंग’, म्हणजे कारण खरं आहे, पण त्यावरून तू म्हणतोस ते निघत नाही. तिबेटी वादाच्या अंगणात बसलेल्या माणसाला एवढंच बोलायची मुभा. ‘म्हणजे कसं आहे ना’ नाही, ‘एका अर्थी बरोबर आहे, पण’ नाही. मी अमरावती जिल्ह्यातली, दर्यापूरकडची. आमच्याकडे साधं ‘जेवलीस का’ विचारलं तरी उत्तरात भाजीचा भाव, पाऊस आणि शेजारणीची सून येऊन जाते. माझे काय हाल झाले असतील ते समजून घ्या.

मी मुळात पालीची. नागपूर विद्यापीठातून एमए केलं. त्रिपिटक वाचता वाचता दिङ्नाग-धर्मकीर्ती या जुन्या बौद्ध तर्कपंडितांपाशी पोचले आणि तिथे अडकले. बौद्धांच्या तर्कशास्त्रातलं कितीतरी लिखाण मूळ संस्कृतात उरलंच नाही, उरलं ते तिबेटी भाषांतरात. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत पोथीसुद्धा राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटातल्या मठांमधून शोधून आणावी लागली. म्हणून तिबेटी शिकायचं ठरवलं, आणि धर्मशाळेच्या खालच्या खोऱ्यात एका कॉलेजात दाखल झाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या वरणाबद्दल बोलायचं आहे. भिक्खू, भिक्खुणी आणि आमच्यासारखे संसारी, सगळे एकाच वर्गात. ही पद्धत तिकडे फार जुनी नाही. दलाई लामांनी १९७३ साली मॅक्लॉडगंजला न्यायशास्त्राची संस्था काढली, त्यानंतर मठाबाहेरच्यांना हे दार हळूहळू उघडलं. २०११ मध्ये त्याच संस्थेने एका जर्मन भिक्खुणीला, केलसांग वांगमोंना, गेशे ही तिबेटी मठातल्या शिक्षणाची मोठी पदवी दिली. बाईला गेशे म्हणण्याची ती पहिली वेळ. पुढे २०१६ च्या डिसेंबरात मुंडगोडला एकदम वीस तिबेटी भिक्खुणी गेशेमा, म्हणजे बाई-गेशे, झाल्या. मुंडगोड म्हणजे हुबळीजवळचं. कोल्हापूरहून गाडीने गेलात तर दिवसाउजेडी पोचाल, पण आपल्याकडे कोणाला त्याचा पत्ता नसतो.

वरणाचं सांगते. पातळ, पिवळं, त्यात काहीही नाही. फोडणी हा शब्द त्या स्वयंपाकघराने ऐकलेला नव्हता. सोबत तिंगमो, म्हणजे वाफवलेला बिनचवीचा पाव, आणि रविवारी थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप. मी घरून ठेच्याचा डबा नेला होता. तो लडाखच्या एका भिक्खुणीने आणि मी मिळून बारा दिवसांत संपवला. तिला मिरचीचं एवढं वेड होतं की ठेचा संपल्यावर ती डबा बोटाने पुसून घेत होती. जेवणाचं एवढंच.

दिवस पहाटे पाठांतराने सुरू व्हायचा. मनातल्या मनात पाठ करायला बंदी. ओरडून, पुढेमागे डोलत, ज्याचा त्याचा वेगळा पाठ. दीडशे माणसं दीडशे गोष्टी एकाच वेळी ओरडतायत आणि समोर धौलाधारवर ऊन चढतंय. पहिला आठवडा माझं डोकं धरलेलं असायचं. नंतर कळलं की त्या गोंगाटातच पाठ होतं. शांत खोलीत मला आता एक ओळही लक्षात राहत नाही.

खरी गंमत संध्याकाळी. अंगणात फरशीवर जोड्या बसतात. उत्तर देणारा खाली मांडी घालून, विचारणारा समोर उभा. विचारणारा सुरुवातीला ‘धीः!’ म्हणतो. ते मंजुश्रीचं, म्हणजे प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाचं, बीजाक्षर. मग डावा पाय उचलून आपटायचा आणि त्याच क्षणी उजवा तळहात डाव्यावर फाडकन मारायचा. टाळी झाली की डावा हात पुढे तसाच राहतो आणि उजवा मागे वर जातो. डाव्याने दुर्गतीचं दार दाबून धरायचं, उजव्याने त्यात पडलेल्यांना वर ओढायचं, असा त्याचा अर्थ सांगतात. अर्थ सुंदर आहे. पण डिसेंबरात थंडीने तडकलेल्या तळहातावर तो मारून बघा. शिवाय पाय आणि हात एका वेळी पडायला हवेत. माझा पाय आधी पडायचा, मग टाळी, मग प्रश्न विसरायचा.

पहिला धडा रंगांचा. या पाठ्यक्रमाला दुडा म्हणतात, आणि परंपरेनुसार त्याचं श्रेय बाराव्या शतकातल्या छापा छोक्यी सेंगे या आचार्यांना देतात. दहा वर्षांची पोरं मठात याच धड्याने सुरुवात करतात. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझा पहिला जोडीदार अकरा वर्षांचा. जवळच्या मठातून आमच्याकडे यायचा, नाक सतत वाहत असलेलं.

त्याने टाळी वाजवली आणि विचारलं, ‘‘रंग असेल तर तो लाल असतोच?’’

मी एमए प्रथम श्रेणी. मला वाटलं बालिश प्रश्न आहे, खेळकरपणे घ्यावा, बघू हा काय करतो. म्हटलं, ‘‘दो.’’

‘‘पांढऱ्या धर्मशंखाचा रंग घे. तो लाल आहे, कारण तो रंग आहे.’’

आता ‘ख्यापा मा जुंग’ म्हणता येत नाही, कारण रंग असला की लाल असतोच हे मी आत्ताच कबूल केलेलं. मी म्हटलं, ‘‘तक मा डुप.’’ म्हणजे शंखाचा रंग हा रंगच नाही!

‘‘रंग आहे, कारण पांढरा आहे.’’

गेले. ‘‘दो,’’ म्हणजे बरं बाबा, लाल आहे.

‘‘लाल नाही, कारण पांढरा आहे!’’ आणि त्याने उजव्या हाताची पालथी बाजू डाव्या तळव्यावर हाणली, ‘‘त्साऽऽ!’’

‘त्सा’ म्हणजे सापडलास. शेजारच्या दोन जोड्यांनीही वळून आपापला ‘त्सा’ जोडला. माणूस स्वतःच्याच बोलण्याविरुद्ध गेला तर ‘खोर सुम’ म्हणत त्याच्या डोक्याभोवती जपमाळ फिरवतात. त्या मुलाने तीही फिरवली, एवढ्या प्रेमाने की रागावताही येईना. मग नाक पुसलं आणि पुढचा प्रश्न.

या सगळ्यात एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती. चार उत्तरं कमी आहेत म्हणून माणूस सापडत नाही. सापडतो तो मघाशी काय कबूल केलं ते सोडायची तयारी नसते म्हणून, किंवा काहीच कबूल केलं नाही असं दाखवायचं असतं म्हणून. घरी, कॉलेजात, फेसबुकवर मी कायम जिंकत आलेली होते. कशी, तर विषय हळूच दुसरीकडे सरकवून. अंगणात सरकवायला जागाच नाही.

दुसरा आनंद माझा एकटीचा होता. हे शब्द मला ओळखीचे निघाले. ‘ख्याप’ म्हणजे आपल्या न्यायशास्त्रातली व्याप्ती, एक असलं की दुसरं असतंच हा नियम. ‘तक’ म्हणजे लिंग किंवा हेतू, दिलेलं कारण. ज्याच्याबद्दल बोलायचं तो ‘छोचेन’, म्हणजे अक्षरशः धर्मी. जेथे धूर तेथे अग्नी हा दृष्टान्तही तिथे आहे. फक्त आपल्या दृष्टान्तातला धूर निघणारा पर्वत तिकडे जाऊन खिंड झाला आहे, धूर निघणारी खिंड. आपल्याच घरातली जुनी भांडी शेजाऱ्याच्या फडताळात घासूनपुसून ठेवलेली दिसावीत, तसं झालं. मी हे उत्साहाने वर्गात सांगितलं तर गेन-ला (गेन म्हणजे गुरुजी, ला म्हणजे आपलं जी) शांतपणे म्हणाले, ‘‘हो, तुमचंच आहे. आता उद्याचा पाठ म्हणून दाखव.’’

रंगांच्या धड्यातच पुढे पांढरा घोडा येतो. पांढरा घोडा पांढरा आहे का? नाही. घोडा जीव आहे, म्हणून पुद्गल आहे. पुद्गल हा ना जड, ना चित्त, दोन्हींच्या आधाराने ओळखला जाणारा तिसराच प्रकार. आणि पांढरा हा तर रंग, म्हणजे जड. तेव्हा घोड्याचा रंग पांढरा, घोडा नाही. मला हे पटायला तीन आठवडे लागले. पटलं त्या रात्री झोप आली नाही.

आणि हे शहाणपण घेऊन मी पोळ्याला रजा काढून घरी आले.

घरी आधीच माझ्याबद्दल कुजबुज होती. आम्ही १९५६ चे बौद्ध. आज्याने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबरलाच. वर्षावासात बाबा विहारात ग्रंथवाचन करतात, बावीस प्रतिज्ञा त्यांना झोपेत विचारल्या तरी येतात. मी मंजुश्रीचा थांका, म्हणजे कापडावरचं चित्र, आणला होता, हातात तलवार घेतलेला. तो बघून बाबांनी चष्मा काढला.

‘‘बाबासाहेबाईनं देव सोडवले, अन् तू हे नवे देव आनले काय वं घरात?’’

‘‘देव नाही बाबा, बुद्धीचं चित्र आहे.’’

‘‘बुद्धीले तलवार कायले लागते?’’

मी गप्प. काका मदतीला आले. ते औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेल्या त्या कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचं, आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं, नागसेनवन. काकांना ती गोष्ट तोंडपाठ. नागसेन राजाला आधीच सांगतो, पंडितांसारखा वाद घालणार असशील तर घालू, राजांसारखा घालणार असशील तर नाही. पंडित चुकला की कबूल करतो आणि चिडत नाही. राजा चुकला की समोरच्याला शिक्षा देतो. ‘‘पोरगी तेच शिकून रायली,’’ काका म्हणाले. बाबांनी थांका पाहिला, मला पाहिलं, आणि विषय तात्पुरता मिटला.

मी मग हुकमाचं पान टाकलं. धर्मकीर्तीने सातव्या शतकात मूर्खपणाची पाच लक्षणं सांगून ठेवलीत: वेदाला प्रमाण मानणं, जगाचा कोणी कर्ता मानणं, आंघोळीने पुण्य लागतं असं समजणं, जातीचा ताठा, आणि पाप फेडायला देह तापवणं. बाबांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि विहाराच्या वहीत उतरवून घेतलं. ‘‘सातव्या शतकात?’’ ‘‘हो.’’ ‘‘अन् आपल्याले कोनं सांगतलं नाई.’’ त्या संध्याकाळी मला दुसऱ्यांदा चहा मिळाला.

पोळ्याच्या आदल्या सांजेला गोठ्यात खांदशेकणी चालली होती. आमच्याकडे पोळा देवाचा नाही, बैलाचा असतो, असं बाबा सांगतात. ते ढवळ्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत होते. ढवळ्या आणि धौलाधार, दोन्ही त्याच धवल शब्दाचे, हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं आणि मी फार खूश झाले. त्या खुशीत बोलून गेले.

‘‘बाबा, ढवळ्या पांढरा नाही.’’

हात थांबला. ‘‘पांढरा नाई त कोन्ता हाय मंग?’’

मी घोड्याच्या जागी बैल घालून सगळं सांगितलं. जीव वेगळा, रंग वेगळा. ते ऐकत होते. चोळणं परत सुरू झालेलं. ढवळ्याने शेपटी माझ्या तोंडावर मारली.

‘‘म्हनजे वान त्याचा हाय, पन तो वान नाई.’’

‘‘बरोब्बर! रंगाला तिथे जो शब्द आहे ना, त्याचं संस्कृत वर्णच. आपला वाण त्यातूनच आला.’’

‘‘वर्न.’’ ते तेवढंच म्हणाले. मग तुपाची वाटी खाली ठेवली. ‘‘वर्न म्हनजे चार वर्नाइतला वर्न?’’

‘‘शब्द तोच.’’

‘‘मंग मानूसही वर्न नाई.’’

‘‘दो,’’ मी म्हटलं, आणि अर्थ सांगितला.

‘‘अन् जात बी नाई. अंगही नाई, मनही नाई. तिसराच हाय.’’

‘‘दो.’’

बाबांनी पालथ्या हाताने कपाळ पुसलं, तिथे हळद लागली. ‘‘माह्या आज्याले पाटलाच्या इहिरीवर चढू देत नोहते. आपला आजा तिसराच होता म्हंतं तू. मंग ते कोनाले चढू देत नोहते?’’

मी तोंड उघडलं. चारी शब्द एकेक करून जिभेवर घेऊन पाहिले. ‘दो’ कशाला म्हणू? ‘चीछिर’ विचारायचा हक्क माझा नव्हता. कारण त्यांनी दिलेलंच नव्हतं, मग ‘तक मा डुप’ तरी कशाला, आणि व्याप्ती कसली? ढवळ्या मान खाली घालून उभा होता, अर्धा खांदा पिवळा, अर्धा तसाच.

बाबांना ‘त्सा’ माहीत नव्हतं. त्यांनी वाटी उचलली आणि म्हणाले, ‘‘दुसऱ्या बाजूनं धर त्याले.’’