आमची वाटचाल : सोमवारी आमची गाडी भरत नाही

2011 साली आम्ही तासगावातून द्राक्षाची पहिली गाडी बांगलादेशला भरली. तोवर माल कोलकात्याच्या व्यापाऱ्याकडं जायचा. त्यातला बराच पुढं पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावरून ढाक्याच्या बदामतळी बाजारात जातो, हे कळलं आणि वाटलं, मधला माणूस कशाला? मधला माणूस कशाला असतो, ते दुसऱ्याच गाडीनं दाखवलं.

चार दिवसांत दोन हजार किलोमीटर पळालेली गाडी शेवटच्या टप्प्यासाठी सीमेअलीकडच्या बनगावच्या पार्किंगमध्ये सहा दिवस उभी. मध्येच शुक्रवार आला, पलीकडं बांगलादेशात आठवड्याची सुट्टी. मग कागदावरचे क्रेट आणि गाडीतले क्रेट जुळेनात. द्राक्षाचं कसं असतं, मणी वरून टवटवीत दिसतो, पण देठ तपकिरी पडला की घड उचलताच निम्मे मणी क्रेटच्या तळाला. त्यात पलीकडच्या बेनापोल नाक्यावर आपली गाडी रिकामी करून माल हमालांकरवी त्यांच्या ट्रकमध्ये चढवायचा, म्हणजे आदळआपट दोनदा. विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली तेव्हा भाडंसुद्धा निघालं नव्हतं. अण्णा एवढंच म्हणाले, "आयात ड्युटीच्या नावानं काय रडतोस, रांगेनं खाल्लं."

जून 2015 मध्ये थिंफूला भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळनं मोटार वाहन करार केला. सील लावलेली गाडी माल न उतरवता थेट पलीकडं जाणार! कात्रण आम्ही काउंटरच्या काचेखाली ठेवलं. नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्याला चाचणीचा ट्रक गेलाही. पुढं भूतानच्या वरिष्ठ सभागृहात करार अडला, आणि आमची गाडी अजून बेनापोललाच रिकामी होते.

2016 ला पेट्रापोलचं नवं तपासणी नाकं सुरू झालं. जागा ऐसपैस, पण पलीकडं माल उतरवायला जागा नसली की अलीकडची रांग तसूभर हलत नाही. 2022 पासून पैसे भरून सीमा ओलांडायचा ऑनलाइन स्लॉट मिळतो, तेवढा दिलासा. आता आधी स्लॉट, मग काढणी.

सीमेवर फारच तुंबलं तर माल बेदाण्याला टाकतो. शेडही त्यासाठीच घातलं. बेदाणा थांबतो, द्राक्ष थांबत नाही.

आणि सोमवारी गाडी भरत नाही. नवा बागायतदार हमखास विचारतो, वार बघून काढणी करता की काय? मग त्याला सीमेपर्यंतचा चार दिवसांचा रस्ता आणि ढाक्याचा शुक्रवार समजावून सांगावा लागतो.